उताऱ्यात काय लिहिले आहे?

(विहाराच्या वर्धापन दिनी अभ्यासवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही म्हणजे विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासवर्ग पाहणारे तिघे. एक निवृत्त शिक्षक, एक बँकेत नोकरी करणाऱ्या ताई आणि एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. समितीने आम्हाला सांगितले की, वर्गाचा अहवाल द्या. अहवाल म्हणजे किती मुले आली, किती पास झाली, किती खुर्च्या मोडल्या. तो आम्ही लेखी दिला आहे. आज बोलायचे आहे ते आमच्या एका चुकीबद्दल, आणि ती चूक आपल्या मुलांना कुठे अडवते त्याबद्दल.

आपली मुले आता बारावीनंतर मोठ्या परीक्षांना बसू लागली आहेत. 2022 सालापासून दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेवर होतो. बारावीला किती टक्के मिळाले एवढ्यावर भागत नाही. ही परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते, हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण इंग्रजीचा पेपर घेतला, तर त्यात मोठा भाग उताऱ्यांचा असतो. 300-350 शब्दांचा उतारा, कधी माहितीचा, कधी गोष्टीसारखा, कधी साहित्यातला, आणि त्याखाली प्रश्न. वकिलीकडे जाणाऱ्यांची क्लॅट तर पूर्ण इंग्रजीतच होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचे तर तीच परीक्षा. तिथे कायद्याचा प्रश्न उताऱ्यात, तर्काचा प्रश्न उताऱ्यात, चालू घडामोडीही उताऱ्यात. 120 मिनिटांत 120 प्रश्न. म्हणजे इंग्रजी उतारा वाचता आला नाही, तर बाकीचा अभ्यास दाराबाहेर उभा राहतो.

आता आमची चूक. वर्ग सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटले, आपल्या मुलांना शब्द कमी पडतात. म्हणून आम्ही गाइडमधून रोज वीस शब्द पाठ करून घेत होतो. भिंतीवर तक्ते लावले. मुलं धडाधड अर्थ सांगायची, ऐकून आम्हालाच बरं वाटायचं! 2023 साली वर्गातली एक हुशार मुलगी सीयूईटीला बसली. नाव सांगत नाही, ती समोरच बसली आहे. तिला दिल्लीला जायचे होते. पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "सगळं समजलं, सोपं होतं." निकाल आला तेव्हा इंग्रजीतच गुण गेले होते. दिल्ली राहिली. तिच्या आईने आम्हाला विचारले, "पोरीला समजलं होतं, तर मग चुकलं कुठं?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायला म्हणून आम्ही स्वतःच एक छोटा इंग्रजी उतारा लिहिला आणि तिच्यासह नऊ मुलांपुढे ठेवला. मजकूर साधा. एका गावात नळ आले, तेव्हा नगरपालिकेने जुन्या विहिरी झाकून टाकल्या. 'फ्यू पीपल ऑब्जेक्टेड.' पुढे एका उन्हाळ्यात पाइप फुटला, नऊ दिवस नळ कोरडे राहिले. लोक विहिरींकडे धावले, तर त्या गाळाने भरलेल्या. खाली प्रश्न : लेखकाला मुख्यतः काय सांगायचे आहे? पर्याय चार. स्वच्छ पाण्यावर सर्वांचा हक्क आहे. विहिरीचे पाणी अशुद्ध असते. नगरपालिकेने नळ आणायला नको होते. नवी सोय आली म्हणून जुनी पूर्णपणे मोडू नये.

नऊपैकी सहा मुलांनी पहिला पर्याय निवडला. आमच्या त्या मुलीनेही. आम्ही म्हणालो, चूक. ती उभी राहून म्हणाली, "दादा, पाण्यावर सगळ्यांचा हक्क नाही का?"

बांधवांनो, अशा वेळी काय बोलावे? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी पाणी हाती घेतले. त्याची आठवण ज्या घरात दरवर्षी काढली जाते, त्या घरातली ही मुलगी. तिचे म्हणणे खरेच होते. पण त्या उताऱ्यात ते कुठेच लिहिलेले नव्हते. पाणी हा शब्द दिसला आणि तिच्या मनातले सगळे धावून वर आले. डोळे उताऱ्यावर, उत्तर मात्र मनातून. परीक्षा घेणारा नेमका असाच एक पर्याय ठेवतो : जगात खरा, पण उताऱ्यात नसलेला. हुशार आणि विचार करणारी मुलेच त्यात जास्त अडकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हा आम्ही तिला एक गोष्ट सांगितली. बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या 1936 च्या ग्रंथावर गांधीजींनी टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. समोरचा काय म्हणतो ते वाचकापुढे जसेच्या तसे आधी, आपले म्हणणे त्यानंतर. उताऱ्याचेही तसेच करायचे. लेखकाशी आपले पटत नसले तरी चालेल, पण पेपरात तो काय म्हणतो तेवढेच विचारलेले असते. आपले मत घरी येऊन वहीत लिहावे, भरपूर लिहावे.

दुसरी गंमत त्याच उताऱ्यात झाली. 'फ्यू पीपल ऑब्जेक्टेड' याचा अर्थ नऊपैकी आठ जणांनी लिहिला, काही लोकांनी विरोध केला. बरोबर उलटे! 'अ फ्यू' म्हणजे काहीजण. नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. एवढासा 'अ', पण त्याने गावच फिरवले. आणि आम्ही दोन वर्षे भलेमोठे शब्द पाठ करून घेत बसलो होतो. मोठा शब्द अडला तर मागच्या-पुढच्या ओळींवरून अर्थाचा अंदाज येतो. लहान शब्दांचे तसे नाही. 'हार्डली' म्हणजे कठीणपणे नव्हे, जेमतेम किंवा जवळजवळ नाहीच. 'अनलेस'च्या पोटात नकार लपलेला असतो. 'हाउएव्हर', 'ऑलदो', 'डिस्पाइट' दिसले की समजावे, गाडी आता वळणार. लेखकाचे खरे म्हणणे बहुतेक वेळा वळणाच्या पुढे असते. भिंतीवरचे जुने तक्ते उतरवून आम्ही आता हेच तीस-चाळीस शब्द लावले आहेत.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती मराठी माध्यमाची म्हणून आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, आमच्या वेळी पाचवीपासून होते. पण शिकवण्याची रीत अजून बरीचशी तीच, प्रत्येक ओळीचे मराठी करा. मूल उतारा वाचता वाचता मनात मराठी करत जाते. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे. आपण म्हणतो, 'जो विद्यार्थी रोज वाचतो तो पुढे जातो.' इंग्रजीत आधी विद्यार्थी येतो, मग 'हू' लावून त्याचे वर्णन येते. म्हणून शब्दाला शब्द लावत गेले की मोठ्या वाक्यात मूल हरवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घड्याळ तर थांबत नाही. 2025 च्या नियमाप्रमाणे सीयूईटीत एका पेपरला 60 मिनिटे आणि 50 प्रश्न. उतारा वाचणे धरून एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. आम्ही आता एकच सवय लावतो : वाक्यात कोण आणि त्याने काय केले, एवढे आधी पकडायचे. मधला 'हू', 'विच'चा भाग बोटाने झाकून वाचायचा. नंतर बोट काढायचे. हसू नका, बोटाने खरंच काम होतं.

संगणकावर मात्र बोट आणि पेन्सिल दोन्ही नीट चालत नाहीत. सीयूईटी 2025 मध्ये संगणकावर झाली. कागदावर ओळी अधोरेखित करून सराव केलेली मुले पडद्यासमोर गोंधळतात. म्हणून आठवड्यातला एक उतारा तरी पडद्यावर वाचायला लावतो, टिपणे कच्च्या कागदावर, तीही दोन-चार शब्दांची. क्लॅट अजून कागदावर आहे, तिथे पेन्सिल चालवा. आणि दरवर्षी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, कारण हे नियम बदलत असतात. चुकीच्या उत्तराला सीयूईटीत एक गुण जातो, बरोबरला पाच मिळतात. क्लॅटमध्ये पाव जातो. भीतीने प्रश्न सोडत बसू नये, आणि आंधळेपणाने ठोकूही नये. दोन पर्याय पुरावा दाखवून खोडता आले, तर उरलेल्या दोघांतला एक खुशाल निवडावा.

आता आई-वडिलांशी थोडे. तुम्ही म्हणता, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार? आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई सकाळी चार घरची कामे करून येते. ती इंग्रजी वाचत नाही. आम्ही तिला एकच प्रश्न शिकवला : "कुठल्या ओळीत?" मुलगा उत्तर ठरवतो, ती मेथी निवडता निवडता विचारते, "कुठल्या ओळीत लिहिलंय, दाखव." पहिल्या दिवशी तो चिडला. म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, "मला नाही कळत, तुला कळतंय ना? मग बोट ठेव." त्याला ठेवता येईना! ओळ नव्हतीच. उत्तर पदरचं होतं. आता तो स्वतःच आधी ओळ शोधतो आणि मग पर्यायाकडे जातो. येत्या डिसेंबरात तो क्लॅटला बसतो आहे. निकाल काय लागेल ते आम्ही आज सांगत नाही. पण हा प्रश्न विचारायला फी लागत नाही. शहरातल्या एका क्लासने आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबाकडून बरीच मोठी रक्कम घेतली आणि हातात ठेवली शब्दांची यादी, आमच्यासारखीच. आमची निदान फुकट होती.

वाचायला साहित्य नाही असेही नाही. बालभारतीची बारावीची इंग्रजी युवकभारती घरात असतेच. एनसीईआरटीची 'हॉर्नबिल' आणि 'फ्लेमिंगो' त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. विहाराच्या कपाटात छापील प्रती ठेवल्या आहेत, फक्त नेल्या तर परत आणा. रोज एक उतारा पुरे. पण तो दोनदा वाचायचा, आणि चुकलेल्या प्रश्नापुढे का चुकला ते मराठीत एका ओळीत लिहायचे. घाईत वाचले, लहान शब्द सुटला, की मनातले उत्तर दिले. महिनाभराने ती वही उघडली की आपली खोड आपल्याला दिसते.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. तिने इथेच पदवीला प्रवेश घेतला. अजूनही अधूनमधून म्हणते की, दिल्लीला गेले असते. आम्ही त्यावर काही बोलत नाही, कारण त्यात आमचा वाटा आहे. रविवारचा वर्ग आता तीच घेते आणि विहिरीचा तो उतारा दर वर्षी नव्या मुलांपुढे ठेवते. यंदाही निम्म्यांहून जास्त मुलांनी पहिलाच पर्याय निवडला. तिने त्यांना चूक म्हणून सांगितले नाही, फक्त विचारले, "कुठल्या ओळीत?"

वर्ग रविवारी सकाळच्या वंदनेनंतर लगेच सुरू होतो आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता. अकरावीपासूनच या, बारावीच्या जानेवारीत धावत येऊ नका. येताना शंभर पानी वही आणि पेन्सिल आणावी. ज्यांच्या घरी शांत जागा नाही त्यांनी समितीकडे नाव द्यावे, वरच्या खोलीची किल्ली रात्री दहापर्यंत मिळेल.