स्टिअरिंगची थरथर: निदान आणि उपाय



मोटारीचे स्टिअरिंग हातात थरथरू लागले की मालक गॅरेज गाठतो आणि ‘बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून टाका’ असा हुकूम सोडतो. कारागीर तो शिरसावंद्य मानून दोन्ही कामे उरकतो, आणि पुष्कळदा गाडी जशी थरथरत आली तशीच थरथरत परत जाते. याचा दोष कारागिराच्या सचोटीवर ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की येथे विकाराची कैफियत कोणी ऐकूनच घेतलेली नसते. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला विरते, ब्रेक दाबल्यावरच येते की एरवीही, हातांना जाणवते की बसल्या जागेला, या प्रश्नांची उत्तरे गाडी चालवणाराच देऊ शकतो. ती हाती आल्यावाचून गाडीचा एकही नट सैल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम वेगाशी निगडित थरथर घेऊ. ताशी ७० किलोमीटरपर्यंत गाडी बिनतक्रार चालते, ८० च्या सुमारास स्टिअरिंग सूक्ष्मपणे कापू लागते, ९०-१०० ला ते कंपन मनगटापर्यंत पोचते आणि त्याहून वेग वाढवल्यास ओसरते, असा अनुभव असेल तर बहुधा पुढच्या एखाद्या चाकाचा तोल बिघडलेला असतो. मागच्या चाकाचा बिघडला असता तर हातांपेक्षा बैठक अधिक हादरली असती. यातले गणित मोठे मनोरम आहे. १४ इंची रिमच्या कडेला एका जागी अवघे २० ग्रॅम वजन अधिक आहे असे धरा. ताशी ९० किलोमीटर वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते, आणि त्या गतीत त्या २० ग्रॅमांचा बाहेरच्या दिशेचा ओढा अडीच किलो वजनाहूनही अधिक होतो; वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो. मग १०० च्या पुढे थरथर वाढण्याऐवजी ओसरते ती का? तर चाक आणि त्याला धरणारे सस्पेन्शन यांची स्वतःची अशी एक आंदोलनसंख्या असते, ती साधारणतः सेकंदाला १० ते १५ च्या दरम्यान. चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की अनुनादामुळे क्षुल्लक धक्का विशाल होतो, आणि वेग पुढे सरकताच तो मेळ सुटतो.

तोल बिघडण्याची कारणे डोळ्यांना दिसण्याजोगी असतात. रिमवर लावलेले वजन गळून पडलेले असते, आणि चाक धुऊन पाहिले तर ते जेथे होते तेथे बोटाच्या पेराएवढा उजळ डाग आढळतो. पावसाळ्यात कोकणातल्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून गाडी फिरली की रिमच्या आतल्या अंगाला चिखल बसतो, रात्रीत वाळतो, आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून महामार्गाला लागल्यावर मालकाला वाटते की गाडीचे मोठेच काम निघाले. अशा वेळी एक काठी आणि बादलीभर पाणी एवढ्यावर दुरुस्ती भागते. तो चिखल न काढता बॅलन्सिंग केले तर वजने चिखलाच्या हिशेबाने लागतात आणि चिखल गळताच थरथर पुन्हा हजर होते. वजने लावल्यावर चाक यंत्रावर दुसऱ्यांदा फिरवून आतल्या व बाहेरच्या, अशा दोन्ही बाजूंचे आकडे शून्यावर आल्याची खातरजमा स्वतः करून घ्यावी.

चाक यंत्रावर फिरत असतानाच रिमची कडा आणि टायरचे तोंड निरखावे. कडा लहरत असेल तर खड्ड्यात आपटून रिम वाकली आहे. टायरला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत, आणि अशा टायरावर एक दिवसही गाडी हाकणे म्हणजे आपल्याबरोबर परक्यांचाही जीव धोक्यात घालणे होय. संशय राहिला तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे बसवावीत. थरथर हातांतून बैठकीत गेली तर दोष चाकातच आहे हे सिद्ध झाले. अलाइनमेंट मात्र निराळी बाब आहे. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथरीवरचा उपाय म्हणून तिचे पैसे मोजण्याचे सहसा प्रयोजन नाही.

चाके निर्दोष ठरली तर सांध्यांकडे वळावे. गाडी उचलून भक्कम टेकूवर ठेवावी आणि चाक डावी-उजवीकडून धरून हलवावे: खटखट जाणवली तर टाय रॉडच्या टोकाला प्ले आला असण्याचा संभव असतो, वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट आपली झीज सांगतो. सैल सांधा लहान कंपन मोठे करतो. कधी रचनाच कंपनाला पोसते: १९२० नंतरच्या दशकात मऊ बलून टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हा एकसंध आसाच्या मोटारींची पुढची चाके भयंकर फडफडू लागली. १९३४ साली जनरल मोटर्सने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले, त्यामागे हा उपद्रव हेही एक कारण होते.

राहिली ती ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर. हिचा संबंध पुढच्या डिस्कशी असतो, आणि ‘डिस्क वाकडी झाली, बदला’ असा फैसला गॅरेजात तत्काळ मिळतो. परंतु डिस्कच्या जाडीत एका जागी मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक पडला तरी पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही धडधडू शकतात, आणि या फरकाचे मूळ पुष्कळदा डिस्क आणि हब यांच्या मधल्या गंजात असते: त्या गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, आणि हजारो किलोमीटरांत तेथे झिजते. म्हणून डिस्क उतरवून हबचे तोंड तारेच्या ब्रशने लख्ख करावे, मायक्रोमीटरने जाडीतला फरक मोजावा, आणि किमान जाडीची मर्यादा सांभाळून डिस्क लेथवर घेता येत असेल तर घ्यावी, नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदम बदलाव्यात. चाक परत चढवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावेत, कारण एकाच बाजूने ताणलेल्या नटांमुळे नवी डिस्कही तिरकी बसते. आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.