ठरलेल्या दिवशीचे बाळंतपण

श्रोते भगिनींनो, आणि बंधूंनोही,

बंधूंना मुद्दाम हाक मारली, कारण आज जे सांगणार आहे त्यातली निम्मी कामे घरातल्या पुरुषांनीच करायची आहेत. विषय बाळंतपणाचा आहे. पण नेहमीच्या नव्हे. पहिलटकरणीला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे, "बाई, तुमचे मूल पोटावरची शस्त्रक्रिया करून काढावे लागेल, अमुक तारखेला दाखल व्हा," अशा बाळंतपणाचा. यालाच आपण सिझेरियन म्हणतो, आणि खेड्यापाड्यांतून त्याचे आता सुटसुटीत 'सिझर' झाले आहे.

एरवीचे बाळंतपण म्हणजे न सांगता येणारा पाहुणा. रात्री दोनला कळा सुरू होतात, मग गाडीची धावाधाव, पैशांची शोधाशोध, कागद सापडत नाहीत. इथे तसे नाही. इथे आठ-पंधरा दिवस आधी तारीख हातात असते. पण मी पाहते, बहुतेक घरांतून हे दिवस दोनच गोष्टींत जातात. मुलगी रडत बसते आणि वडील माणसे पंचांग उघडून बसतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलीची हकीकत सांगते. पहिलीच खेप, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. पोटातले मूल पायाळू, म्हणजे डोके वर आणि बूड खाली. दिवस भरत आले तरी शंभरात तीन-चार मुले अशी उलटी राहतात. डॉक्टरांनी तारीख दिली. "रात्रीपासून काही खायचे नाही" असे बजावले. पण आईचेच काळीज ते! पहाटे पाच वाजता तिने पोरीला उठवून वाटीभर शिरा आणि दुधाचा चहा दिला. "एवढं मोठं ऑपरेशन, अंगात ताकद नको?" इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "काही खाल्लंय का?" आईने मागून मान हलवून खूण केली, नाही म्हण. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "शिरा खाल्लाय, चहा प्यालेय." शस्त्रक्रिया दुपारवर गेली. आई दिवसभर फुगून बसली होती. "नाही म्हणाली असतीस तर एव्हाना मोकळी झाली असतीस!"

त्या आईला कोणी नीट सांगितलेच नव्हते की उपाशी का ठेवतात. भूल दिली की कधी कधी उलटी होते. पोट भरलेले असेल तर ते अन्न श्वासनळीतून फुप्फुसात उतरते आणि माणूस दगावूही शकतो. गरोदर बाईच्या जठरावर खालून गर्भाचा दाब असतो, म्हणून तिला हा धोका इतरांहून अधिक. पाठीतून भूल देणार असले तरी सुटका नाही. वेळ आली तर पूर्ण गुंगी द्यावी लागते. साधारण नियम असा : जड जेवण आठ तास आधी बंद, हलके खाणे आणि दूध सहा तास आधी, आणि नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा हा दुधातच मोडतो बरं का, पाण्यात नव्हे. तुमचे डॉक्टर जी वेळ सांगतील ती शेवटची. आणि चुकून खाल्ले गेलेच, तर सांगून टाका. चार तास उशीर झाला तर काही बिघडत नाही.

आता पहिल्यापासून पाहू.

डॉक्टर तारीख देतात तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो 'कधी' हा नव्हे, 'का' हा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात दर शंभर बाळंतपणांत पंचवीस शस्त्रक्रियेने झालेली आढळली. सबंध देशात खासगी दवाखान्यांतले हे प्रमाण शंभरी सत्तेचाळीस आणि सरकारी संस्थांतले चौदा. तेव्हा कारण विचारण्यात उद्धटपणा नाही. मूल आडवे किंवा पायाळू आहे, वार खाली येऊन गर्भाशयाच्या तोंडावर बसली आहे, अशी कारणे भक्कम आहेत. वार तोंडावर असेल तर नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. पण पायाळू मूल शेवटच्या दिवसांतही आपण होऊन फिरते. म्हणून दाखल झाल्यावर पुन्हा एकदा तपासून पाहायला सांगावे. फिरले असेल तर सारा बेतच बदलतो. काही ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर यंत्राने बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून पोटावरून हाताने मूल फिरवून पाहतात. ते काम इस्पितळातले. गावात पोट चोळून मूल फिरवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मात्र पोट देऊ नका. वार सुटण्याची भीती असते.

मग 'कधी'. दुसरे काही संकट नसेल तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात. त्याआधी काढलेल्या मुलाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक, कारण फुप्फुसे अखेरच्या आठवड्यांतच पक्की होतात. आता मुहूर्ताचे म्हणाल, तर मी कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. डॉक्टरांनी चार दिवस मोकळे दिले तर त्यातला तुमच्या मनाचा दिवस खुशाल निवडा. पण नक्षत्रासाठी दहा दिवस अलीकडे ओढणे, किंवा रात्री अडीचचा मुहूर्त धरून बसणे, हे करू नका. रात्री माणसे कमी असतात, रक्त मिळवायला वेळ लागतो.

रक्ताची तयारी ही पुरुषमंडळींची. या शस्त्रक्रियेत अर्धा ते एक लिटर रक्त जाऊ शकते. बाईच्या अंगात मुळात रक्त भरपूर असेल तर ती हे सोसते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी तारखेच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, महिना-दीड महिना आधी करा. लोहाच्या गोळ्या चहा-दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. रक्तगट कागदावर लिहून घ्या. घरातल्या किंवा शेजारच्या दोन-तीन धडधाकट माणसांना आधीच सांगून ठेवा की वेळ आली तर रक्तपेढीत जावे लागेल. एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर रक्त घेतात; अंगात पाच लिटरच्या आसपास असते. एवढ्याने कोणी अशक्त होत नाही, पण ऐन वेळी पाय मागे घेणारे मी फार पाहिले आहेत. बाईचा गट आर-एच निगेटिव्ह असेल आणि मूल पॉझिटिव्ह निघाले, तर तिला बहात्तर तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते. तेही विचारून ठेवावे.

पैशांविषयी एक सांगते, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेतले बाळंतपण, शस्त्रक्रियेचे असले तरी, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचे जेवण, घरून नेणे आणि परत आणून सोडणे, सारे त्यात येते. गावच्या आशाताईंना गाडीचे आधीच सांगून ठेवा.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. चांगली आहे. पण मुलगी माहेरी आणि कागद सासरी, असा प्रकार फार होतो. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सारे अहवाल, रक्ताच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड हे सगळे एका पिशवीत घाला आणि ती पिशवी मुलीबरोबर राहू द्या. दुसऱ्या पिशवीत धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे, पुढून उघडणारे सैल कपडे, बाळाचे टोपडे.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीच्या कागदावर सही घेतात. तो कागद काय आहे, हे गावातली मुलगी पुष्कळदा तुम्हालाच विचारील. तिला सांगा की सही तिची स्वतःची हवी, आणि कागद इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून मागण्याचा तिला अधिकार आहे. त्याच वेळी तांबीविषयीही विचारतात. वार काढल्यावर लगेच तांबी बसवता येते. सोयीची गोष्ट आहे, पण हवी की नको हे नवरा-बायकोने घरी बसून ठरवावे. टेबलावर पडलेल्या बाईला हा प्रश्न पडू नये.

आता एक नाजूक गोष्ट. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाताना दागिने काढायला सांगतात, मंगळसूत्रसुद्धा. ऐन वेळी यावरून रडारड होते, सासूबाईंच्या मनात नाही नाही ते येते. कारण साधे आहे. रक्त थांबवायला विजेचे उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर चटका बसण्याची भीती असते. तेव्हा आदल्या संध्याकाळी घरीच, देवापाशी, सासूने किंवा आईने स्वतःच्या हाताने ते काढून ठेवावे. म्हणजे सकाळी कोणाला धसका नको. नखांचा रंगही काढावा. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, त्याला रंग आडवा येतो. डोहाळजेवणाची मेंदी या कारणाने जरा आधी उरकलेली बरी. आणि पोटाखालचे केस घरी पात्याने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यातूनच टाक्यांत पू होतो. साबणाने स्वच्छ अंघोळ मात्र जरूर करा.

आणि तारीख चौदा आहे म्हणून चौदापर्यंत थांबायचेच, असे समजू नका. कळा आल्या, अंगावरून रक्त गेले, पाणी गेले किंवा पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली, तर त्या घटकेला निघायचे. मूल आडवे-उलटे असताना पाणी गेले तर नाळ खाली घसरू शकते. अशा बाईला चालवत नेऊ नका, निजवून न्या. गाव आडबाजूला असेल, मधे ओढा असेल, तर शेवटचे आठ दिवस इस्पितळाजवळच्या नातेवाइकाकडे काढलेले उत्तम.

त्या दिवशी आत काय होते, ते तुम्हाला ठाऊक असावे. हाताला सलाईन, लघवीसाठी नळी, मग पाठीच्या कण्याशी बारीक सुई. पाठ मांजरासारखी बाकदार करून बसायचे, हलायचे नाही. थोड्या वेळात कमरेखाली जडत्व येते. तुम्ही जाग्या असता. मधे पडदा असतो. कापल्याची वेदना कळत नाही, पण पोटात कोणीतरी ओढते आहे, ढवळते आहे असे वाटते. ते ठीकच आहे, घाबरू नका. दुखले तर मात्र मोठ्याने सांगा. मूल बहुधा पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येते. बाकीचा पाऊण तास टाके घालण्याचा. नंतर दातखीळ बसावी अशी हुडहुडी भरते, तीही पुष्कळांना येते. त्या सुईने जन्माची पाठदुखी लागते, हा समज मात्र खरा नाही.

बाळ रडले की ते आईच्या उघड्या छातीशी द्यायला सांगा. शक्य तो पहिल्या तासाभरात पाजावे. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका, मधाचे बोट लावू नका, गुटी नको. सिझरनंतर दूध भरायला क्वचित एखादा दिवस अधिक लागतो. तेवढ्यावरून "हिला दूधच नाही" असा डांगोरा पिटू नये. कळा न सोसता आई झाली, असे टोचून बोलणाऱ्या बायाही भेटतात. त्यांनी एकदा टाक्यांसकट खोकून पाहावे.

खोकताना पोटावर उशी दाबून धरा. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. चोवीस तासांच्या आत धरून धरून चालायला लावतात, तो छळ नव्हे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठते. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची जुनी चाल सोडा, पाजणाऱ्या बाईला पाणी फार लागते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणेही टाक्यांवर नको. ताप आला, जखम लाल झाली, घाण वास आला, घडी तासाभरात भिजू लागली, एकाच पायाला सूज आली, धाप लागली किंवा डोके फुटेल असे दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सव्वा महिन्याची वाट पाहू नका, त्याच पावली परत न्या.

त्या मुलीला दुपारी अडीचच्या सुमाराला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तिची आई मला विचारते, "पोटातून काढला, मग पायाळू म्हणायचा का नाही?" आपल्याकडे कंबर धरली की पायाळू माणसाची लाथ मागतात ना! मी म्हटले, "आजी, ते तुम्हीच ठरवा; पण पोरीशी बोला आधी." मग ती उठली आणि पोरीला पेज भरवायला बसली.

घरी जाताना इस्पितळातून एक कागद मिळतो. शस्त्रक्रिया का केली, छेद कसा घेतला, हे त्यावर असते. गर्भाशयावर आता टाका आहे. पुढच्या गर्भारपणापूर्वी दोन वर्षे तरी जाऊ द्यावीत, आणि पुढचे बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवे. तेव्हाचे डॉक्टर पहिल्या भेटीतच हा कागद मागतील. सातबाऱ्याचा उतारा ज्या पेटीत ठेवता, त्याच पेटीत तो ठेवा.