सुती मोजे घरी ठेवा (निदान ट्रेकला जाताना तरी)

मागच्या भागात आपण ट्रेकच्या बुटांवर बोललो. त्यानंतर आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येत होता: "बूट चांगले घेतले, मापाचे घेतले, तरी फोड येतात. असं का?" मी उलट विचारलं, आत काय घालता? तर उत्तर, "मोजे ना... साधेच. कॉटनचे."

म्हणून आज मोजे. हसू नका, पूर्ण भाग मोज्यांवरच आहे.

आधी फोड येतो कसा ते बघू. आपल्याला वाटतं, कातडी वरून घासली गेली की फोड येतो. ते खरचटणं झालं. फोड आतून येतो. पाऊल टाकताना आतलं हाड पुढे सरकतं, पण वरची कातडी मोज्याला आणि बुटाला चिकटून जागेवर राहते. मधले थर दर पावलाला ताणले जातात, सुटतात, पुन्हा ताणले जातात. काही हजार पावलांनंतर ते थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. कातडी दमट असली की ती मोज्याला जास्त धरून बसते, म्हणजे ताण आणखी वाढतो. त्यामुळे मोजा किती मऊ आहे याच्या आधी तो घामाचं काय करतो हे बघायचं.

आता थोडे आकडे, सवय आहे आमची. कोरडा धागा नेहमीच्या दमट हवेत ठेवला तर स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओलावा धरतो, याचं वस्त्रोद्योगात एक ठरलेलं माप असतं. सूत साधारण ८.५ टक्के, नायलॉन ४ च्या आसपास, पॉलिएस्टर फक्त ०.४. आणि लोकर? १६ च्या आसपास. म्हणजे या हिशोबाने लोकर सगळ्यात वाईट ठरायला हवी. पण तसं होत नाही. लोकर ओलावा वाफेच्या रूपात धाग्याच्या आत घेते, वरून बराच वेळ कोरडी लागते, आणि धागा कुरळा असल्यामुळे ओली झाली तरी फुगीर राहते. सुती मोजा भिजला की बसतो. चपटा होतो, तळव्याला चिकटतो आणि लवकर वाळतही नाही. पॉलिएस्टर पाणी पितच नाही, पृष्ठभागावरून बाहेर ढकलतं. वास मात्र मारतं, ते मान्य.

आपल्या घरात "सुती ते चांगलं" हा नियम असतो. बनियन, चादरी, उन्हाळ्यातले शर्ट यांच्यासाठी तो अगदी बरोबर आहे. ऑफिसच्या मोज्यांनाही चालतो. एसीत बसून पायाला असा किती घाम येणार? रोजच्यासाठी तीन चतुर्थांश सूत, बाकी नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि थोडं इलॅस्टिक, एवढं लेबलवर दिसलं की पुरे. शंभर टक्के सुती असेल तर उलट सोडून द्या, टाच लवकर विरते.

ट्रेकला मात्र हा नियम मोडायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही बारा जण कळसूबाईला गेलो होतो, बारी गावातून. १६४६ मीटर, चढताना सगळे मजेत. आमच्यातल्या एकाच्या पायात जाड सुती मोजे होते, शिखरावर पोचेपर्यंत चिंब. उतरताना पाय बुटात पुढे-मागे सरकायला लागला आणि दोन्ही टाचा गेल्या. लोखंडी शिड्या तो एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, आडवा होऊन उतरला. ओल्या शिडीवर, पाठीमागे रांग. त्याला एकट्याला मागे सोडून कुणी जाणार नव्हतं, त्यामुळे बारी दिसायच्या आतच अंधार पडला. टॉर्च चौघांकडेच होते. कुणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि कारण काय, तर टाच.

मग घ्यायचे काय? माझं मत सांगतो. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढा ओलांडला की पाणी बुटात जाणारच, कुठलाच मोजा तुम्हाला कोरडं ठेवणार नाही. तिथे मध्यम जाडीचा, पॉलिएस्टर-नायलॉनचा, पटकन निथळणारा मोजा बरा. हिमालयात किंवा हिवाळ्यात गडावर मुक्काम असेल तर मेरिनो लोकर. "लोकर म्हणजे टोचणार" असं वाटत असेल तर मेरिनोचा धागा खूप बारीक असतो, टोचत नाही. पण त्यातही नायलॉनची भर हवीच, नाहीतर महाग मोजा एका मोसमात भोकं पाडून घेतो.

दुकानात मोजा उलटा करा. बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. वळ जाणवला तर तो करंगळीला दहापट जाणवेल. मग आत मूठ घालून टाच उजेडासमोर धरा. उजेड आरपार आला तर विण विरळ आहे. आणि "फ्री साइज" हा प्रकार ट्रेकसाठी नकोच. मोठा मोजा सुरकुततो आणि सुरकुती पडते तिथेच फोड येतो. छोटा मोजा ताणला जाऊन टाचेवर पातळ होतो. उंची बुटाच्या काठाच्या वर हवी, आणि नवे बूट बघायला जाताना हेच मोजे घालून जा.

ट्रेकला एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या, जेवणाच्या वेळी बदला. आणि टाच गरम वाटायला लागली की तिथेच थांबा, "पुढच्या पठारावर बघू" नाही. मेडिकलमध्ये मिळते ती साधी कागदी मायक्रोपोर पट्टी लावा. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात आधीच अशी पट्टी लावलेल्या जागी फोड येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के कमी होतं. वीस-तीस रुपयांच्या वस्तूला हे खूप झालं.

एका ताईंनी विचारलंय, वडिलांना मधुमेह आहे, ते रोज सकाळी चालतात, त्यांनी कुठले घालावेत. माझ्या बाबांमुळे हे मला माहीत आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड दुखतच नाही. कळतो तो चिघळल्यावर. म्हणून मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे, म्हणजे डाग लगेच दिसतो. वरचं इलॅस्टिक सैल, पोटरीवर वळ उठता कामा नये. आतली शिवण सपाट. आणि फिरून आल्यावर तळवे रोज बघायचे, त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. आमच्याकडे आई बघते, बाबा रोज कुरकुरतात. जखम दिसली तर घरचे उपाय नकोत, डॉक्टरांकडे जा.

धुण्याबद्दल थोडक्यात. उलटे करून, थंड पाण्यात, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव न घालता. इलॅस्टिकला उष्णता चालत नाही, त्यामुळे पावसाळ्यात इस्त्रीने मोजे वाळवणारे जे कुणी आहेत (तुम्हाला माहितेय तुम्ही कोण ते), थांबा. फ्रिजमागे वाळवा हवं तर.

किंमत. समजा सहाशेची जोडी तीनशे वेळा घातली, तर एका वेळेचे दोन रुपये. रस्त्यावरची पस्तीसची पंचवीस वेळा टिकली, तरी एक रुपया चाळीस पैसे. म्हणजे महाग मोजे "शेवटी स्वस्तच पडतात" हे दरवेळी खरं नाही. ऑफिसला मी मधल्या किमतीचे, एकाच रंगाचे सात जोड घेतो. जोड्या लावत बसायला लागत नाही, एक फाटला तर उरलेला दुसऱ्याला चालतो. महागाचे दोनच, ट्रेकचे. ते पैसे उतरणीसाठी.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही: दिवाळीनंतरची कुसळं. गवत वाळलं की ती मोज्यात घुसतात, जाड लोकरीत तर जास्तच, आणि धुऊनही निघत नाहीत. गेटर घालून बघितलं, उकडतं. तुमच्याकडे काही उपाय असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात सॅक.