बाकाचे लाकूड

सुतार बंधूंनो, रंधा मारताना बाक हलले, तर फळी सरळ निघत नाही. बाकाला जडपणा हवा, देखणेपणा नव्हे. साग कमी पिळतो हे खरे. पण घनफुटाला साग सुमारे १८ किलो भरतो, बाभूळ सुमारे २२. मग सागासाठी कर्जात का पडावे? आम्ही म्हणतो, बांधावरचीच बाभूळ घ्या. मात्र ओली वापरू नका. ती पिळते, चिरते. सालीजवळचे पांढरे लाकूड तासून टाका, त्यास कीड लागते. तांबूस गाभा तेवढा ठेवा. फळ्यांच्या टोकांना शेण लिंपा, मधे पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचामागे वर्ष, हा जुना ठोकताळा. धीराला व्याज पडत नाही, बंधूंनो, कर्जाला पडते.