घरची मोटार आणि भाड्याची

अहिल्यानगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरजगांव आहे. तेथील एखाद्या बागाईतदाराच्या दारीं जुनी बोलेरो उभी असते; दूरच्या लग्नकार्यास मात्र तो भाड्याची नवी स्कॉर्पिओ-एन मागवितो. दोहोंत सरस कोणती, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटतो; वस्तुतः तो मागें बसणाऱ्या पोराबाळांचा आहे.

बोलेरोच्या मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. ओझें असलें म्हणजे त्या उत्तम वागतात. गाडी रिकामी असली कीं हाडें खिळखिळीं करतात. नवीस वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत, म्हणून ती मऊ चालते. पण शेताच्या वाटेस तिचा चालक सहसा राजी नसतो; परक्याच्या रंगास बाभळीच्या कांट्याचें भय फार!

सुरक्षिततेंत मात्र जुनीची बाजू लंगडी पडते. चालकापुढील हवेची पिशवी कायद्यानें १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत ती नाहीं. शिवाय जुन्या बोलेरोंत मागें समोरासमोर आडवीं बांकें असत. स्कॉर्पिओ-एन २०२२ सालीं निघाली आणि त्याच वर्षीं ग्लोबल एनकॅपच्या धडक-परीक्षेंत प्रौढांच्या रक्षणासाठीं तिला पांच तारे मिळाले. मुलांसाठीं मात्र तीनच. तेव्हां गाडी नवी आहे म्हणून पोर मांडीवर घेऊन पुढें बसावें, असें नव्हे.

मध्यरात्रीं घरांतील म्हातारीस दम लागला, तर भाड्याची गाडी दारीं नसते, जुनीच निघते. म्हणून ती विकूं नये. तिचे ब्रेक व टायर वेळच्या वेळीं पाहावेत, आणि त्या आडव्या बांकांच्या जागीं माणसांऐवजीं कांद्याचीं पोतीं भरावींत.