आज्ञापालन आणि ईश्वराची ओळख
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला ‘ईश्वराची ओळख’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. मी शास्त्री नव्हे, कीर्तनकारही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा तत्त्वचर्चेच्या खोल पाण्यात न शिरता, वर्गात मुलांना सांगत असे त्याच रीतीने चार शब्द सांगतो.

पहिलीतील मुलाला अक्षर कळते कसे? फळ्यावरील अक्षर त्याला दिसते, परंतु तेवढ्याने ते त्याचे होत नाही. पाटीवर काढून दिलेले अक्षर तो गिरवितो. प्रारंभी केवळ गुरुजींनी सांगितले म्हणून गिरवितो, आणि गिरविता गिरविता एके दिवशी ते अक्षर त्याच्या बोटांत उतरते. सांगितलेले करणे आणि कळणे या दोन क्रिया तेथे वेगळ्या उरत नाहीत. ईश्वराची ओळखही अशीच होत असावी, असे माझे मत आहे.

भगवद्गीतेची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूपदर्शन घडले. याहून मोठे दर्शन कोणते? पण त्याने अर्जुन भयभीत झाला आणि नेहमीचेच रूप दाखवा म्हणून विनवू लागला. त्या दर्शनानंतरही गीतेचे सात अध्याय शिल्लक आहेत, अर्जुनाचे प्रश्नही शिल्लक आहेत. त्याचा संशय फिटला तो अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, आणि तेव्हा त्याने सांगितले इतकेच, की आता तुझ्या वचनाप्रमाणे वागेन. त्यापूर्वी भगवंतांनी त्याला सर्व गोष्टींचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक दिली होती, हेही विसरू नये. विचार गहाण टाकून केलेले आज्ञापालन भगवंतांनी मागितलेले नाही.

आता आपल्या एकनाथमहाराजांकडे वळू. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना गुरूंनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपविले. एका पैचा मेळ बसेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. नाथ ईश्वराच्या शोधात गेले होते. हाती आली हिशेबाची वही! परंतु सांगितलेले काम चोख करण्याची जी सवय तेथे जडली, ती वाया गेली नाही. याच पुरुषाने पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पैची चूक शोधणारी दृष्टीच ओवीतील चूक शोधण्यास उपयोगी पडली.

पुढची पायरी याहून कठीण होती. रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढले आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, असे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. येथे आज्ञा कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. रूढी एक सांगत होती आणि समोरची तहान-भूक दुसरे सांगत होती. नाथांनी ईश्वराची आज्ञा तहान-भुकेच्या बाजूला ओळखली. रूढी पाळली असता चार लोकांत मान मिळतो. ईश्वराची आज्ञा पाळावयाची तर बहुधा पदरचे काही द्यावे लागते. दोहोंतील भेद ओळखण्याची ही साधी खूण आहे.

बंधूंनो, ही खूण आता आपल्या घरास लावून पाहू. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. म्हणून ‘हुंडा’ हा शब्द आपण टाकला. परंतु मानपान, हौस, मुलाच्या शिक्षणाचा खर्च, जावयास गाडी, अशी नवी नावे शोधून काढली. वधूपिता जमीन गहाण ठेवतो आणि वरपक्ष म्हणतो, आम्ही कोठे काही मागितले? लग्न उरकल्यावर त्याच घरात सत्यनारायणाची पूजा होते आणि सत्याचा महिमा सांगणारी पोथी वाचली जाते. त्या पूजेने देव ओळखीचा कसा व्हावा? वधूपित्याच्या डोळ्यांत उभी राहिलेली आज्ञा आपण वाचलीच नाही, आणि ती वाचण्यास संस्कृत यावे लागत नाही.

या सभागृहातील अनेकांच्या घरी येत्या वर्षात मंगलकार्य आहे. त्यांना माझी विनंती आहे. वरपित्याने स्वतः होऊन वधूपित्यास सांगावे की, आम्हांस काही नको, आणि लग्नाचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करू. आपल्या मंडळानेही वधूवरांची नावे नोंदविताना वरपक्षाकडून असे लेखी वचन घ्यावे. प्रारंभी मन कुरकुरेल, भावकी हसेल. गिरविणाऱ्या मुलाचाही हात प्रथम दुखतोच.

ईश्वर आहे की नाही, असल्यास कसा आहे, यावर आयुष्यभर वाद घालता येईल. परंतु त्याने आपल्याकडून काय मागितले आहे, यातील निदान एक गोष्ट प्रत्येकास आजच ठाऊक असते. ती प्रथम करावी. पुढचे अक्षर त्यानंतर उमटेल.