शेवटून पहिली येणारी जोडी



 सकाळपासून या परिषदेत झालेल्या सत्रांत वेगाची चर्चा चांगलीच रंगली. बोटीला पाण्यावर उचलणारी फॉइल, कार्बनची डोलकाठी, नव्या धाटणीची शिडे, सगळे ऐकताना मीही रमलो. मला मात्र बोलायचे आहे ते शर्यतीत शेवटून पहिल्या येणाऱ्या जोडीबद्दल. छोट्या कॅटामरानचा, म्हणजे जोडहोडीचा, एखादा क्लास वाढणार की संपणार, हे ती जोडी पुढच्या रविवारी पुन्हा किनाऱ्यावर येते की नाही यावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

हॉबी 16 चे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांनी 1968 मध्ये हॉबी 14 आणली आणि तिच्या पाठोपाठ दोघांसाठीची हॉबी 16. लाटांवर खेळणाऱ्या माणसाला धक्का, क्रेन, क्लबचे सभासदत्व यांतले काहीही न लागता वाळूवरून थेट पाण्यात ढकलता यावी, अशी ती बोट होती. म्हणून तिला डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली सोडायची फळी, नाही. तिच्या हलची, म्हणजे दोन्ही होडक्यांची, बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते. वाऱ्याखालचा हल पाण्यात दाबला गेला की त्या आकारामुळेच बोट आडवी वाहून जात नाही. तळ लागला की सुकाणू वर उचलले जाते. लांबी पाच मीटर, वजन दीडशे किलोच्या आत.

ही बोट निर्दोष मुळीच नाही. जोराच्या वाऱ्यात तिची नाके पाण्यात घुसतात आणि ती पुढच्या बाजूने पालथी होते. टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, ती अडते. तिच्यानंतर तिच्यापेक्षा वेगवान बोटी कितीतरी आल्या. तरीही पन्नासहून अधिक वर्षांनंतर तिच्या जागतिक स्पर्धा भरतात, याला माझ्या मते एकच कारण आहे. हॉबी 16 च्या मंडळींनी बोट बदलली नाही, माणसे जोडत गेली. साचा तोच राहिला, म्हणून वीस वर्षांपूर्वीची बोट आजही शर्यतीत उतरवता येते. जुनी बोट विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते आणि खिशात बेताचेच पैसे असलेल्या तरुणाला बोट मिळते. जागतिक स्पर्धेत बोटी आयोजकच पुरवतात आणि त्या शर्यतीगणिक आळीपाळीने वाटल्या जातात. कुणाची बोट किती महागडी, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

दुसरी व्यवस्था मला त्याहून मोलाची वाटते. अमेरिकेतल्या हॉबी शर्यतींत ए, बी आणि सी अशा फ्लीट असतात. नवखी जोडी सी फ्लीटमध्ये नवख्यांशीच झुंजते, तिथे बक्षिसे मिळवते आणि मग वर चढते. मुरलेल्यांच्या मागे दर वेळी अर्धा मैल रखडण्याची पाळी तिच्यावर येत नाही. शर्यतीनंतर तंबू तिथेच पडायचे, मुलेबाळे बरोबर असायची. ‘हॉबी हॉटलाइन’ नावाचे त्यांचे स्वतःचे नियतकालिकही होते. बोट विकत घेणारा माणूस एका गोतावळ्यात दाखल व्हायचा.

हा गोतावळा कसा बनतो, याचा एक प्रसंग मला सांगितलाच पाहिजे. वडील आणि त्यांची शाळकरी मुलगी अशी एक जोडी हॉबी 16 वर पहिल्यांदाच शर्यतीत उतरली होती. दुपारचा खारा वारा भरात होता. वरच्या बोयाकडे जाताना प्रत्येक टॅकला त्यांची बोट वाऱ्यात नाक खुपसून उभी राही, शिडे फडफडत, आणि बोट मागे सरकू लागे. इतर बोटी केव्हाच किनाऱ्याला लागल्या होत्या. समितीने वाट पाहून शेवटची रेषा उचलली, बोया बोटीत घेतला आणि ती परत निघाली. ही दोघे कशीबशी आली तेव्हा ओलांडायला रेषाच नव्हती. मुलगी वाळूवर उतरली ती कुणाकडे न बघता. तेव्हा शेजारच्या बोटीवरचे एक वयस्क गृहस्थ आपली शिडे गुंडाळायची सोडून तिच्यापाशी आले आणि वाळूत बोटाने वाऱ्याची दिशा काढून बसले. “जिब, हे पुढचं शीड, लगेच सोडतेस ना, तिथे चुकतं बघ. नाक वाऱ्यापलीकडे जाईपर्यंत ती धरूनच ठेव, तीच नाक ढकलते. आणि तुम्ही, साहेब, तेवढ्यात मेन, मोठं शीड, ढिली सोडा.” एवढेच ते बोलले. पुढच्या रविवारी ती दोघे परत आली. त्या गृहस्थांनी तो हात दिला नसता तर ती बोट शेडमध्ये उन्हाने तडकत पडली असती, आणि क्लासच्या यादीतून एक नाव गळाल्याचे कुणाच्या लक्षातही आले नसते.

क्लास वाढवण्याचा दुसरा मार्गही आहे, तो नाकारून चालणार नाही. ए क्लास कॅटामरानमध्ये साचा मोकळा असतो; 18 फूट लांबी, 75 किलो किमान वजन, शिडाचे ठरलेले क्षेत्रफळ, आणि पुढे ज्याची त्याची कल्पकता. पाण्याखालच्या पात्यांवर तिथे बंधने होती, तरीही हुशार मंडळींनी नियमाच्या चौकटीतच बोट पाण्यावर उचलून दाखवली. जुन्या बोटी एका झटक्यात मागे पडल्या. तेव्हा त्या क्लासने फॉइलवर उडणाऱ्यांसाठी ओपन आणि पाण्यावर चालणाऱ्यांसाठी क्लासिक असे विभाग केले. त्या शहाणपणाला मी मनापासून दाद देतो. मागे पडणाऱ्याला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही.

ऑलिंपिकवर भिस्त ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. टॉर्नेडो ही कॅटामरान 1976 पासून 2008 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. 2012 मध्ये लंडनला एकही कॅटामरान नव्हती. 2016 ला नाक्रा 17 आली, एक स्त्री आणि एक पुरुष अशा जोडीची, आणि रिओत अर्जेंटिनाच्या सँटियागो लांगे यांनी सेसिलिया कारान्झा यांच्यासह सुवर्णपदक जिंकले. तेव्हा लांगे 54 वर्षांचे होते आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठले होते. या यशाने कुणाचेही मन भरून येईल. पण कोणती बोट ऑलिंपिकमध्ये राहणार, हे आपण ठरवत नाही. आपला किनारा, आपली पोरे आणि आपला हंगाम एवढेच आपल्या हातात आहे.

आणि किनारा आपल्याकडे आहे, मित्रहो. 1982 च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून उभा आहे. कोकणातल्या सपाट पुळणी तर वाळूवरून ढकलायच्या बोटींसाठीच घडवल्यासारख्या आहेत, आणि पावसाळा सरला की दुपारचा वारा रोज हजेरी लावतो. आपल्या या खेळाला आजवर सैन्यदलांनी मोठा आधार दिला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण नागरी कुटुंबे पाण्यात उतरल्याखेरीज हा खेळ रुजायचा नाही. त्यासाठी आपल्याला एकच बोट निवडावी लागेल आणि तिच्याशी निदान दहा वर्षे प्रामाणिक राहावे लागेल. प्रत्येक क्लबने आपापल्या आवडीची वेगळी बोट आणली तर शर्यतीच्या रेषेवर तीन बोटी दिसतील, त्याही तीन तऱ्हांच्या, आणि जुनी बोट घ्यायला कुणी पुढे येणार नाही.

म्हणून समारोपाच्या सत्रात दोन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे. पावसाळा संपण्याच्या आत प्रत्येक क्लबने शेडमध्ये पडून असलेली एक कॅटामरान दुरुस्त करावी आणि हंगामभर एका नव्या जोडीच्या हवाली करावी. शक्य तिथे त्या जोडीत एक तरी मुलगी असावी. आणि शर्यत समितीने शेवटची जोडी आत येईपर्यंत, अंधार पडण्याचे भय नसेल तर, रेषा उचलू नये. हे दोन्ही ठराव आपण एकमताने मंजूर करावेत.